ओव्हाळांची जाळी

ज्या तळ्यात तीन वर्षं पाणी नव्हतं, त्या तळ्याच्या मोटारीवर नामदेव ओव्हाळ रोज सकाळी आठला ड्यूटीवर हजर असायचे.

धुतलेला पांढरा सदरा, पायजमा, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. पंपघराचं कुलूप काढायचं, स्टार्टरवरची धूळ फडक्यानं पुसायची, मोटारीचा शाफ्ट हातानं चार वेढे फिरवायचा, बेअरिंगला ग्रीस आहे का बघायचं. मग लॉगबुकात तारीख घालून ओळ लिहायची : ‘पाणी नाही. मोटार बंद. शाफ्ट फिरवला.’ पाचला पुन्हा कुलूप. अशा ओळींनी भरलेली तीन लॉगबुकं संस्थेच्या कपाटात मीच लावून ठेवली होती, कारण त्या सहकारी उपसा सिंचन संस्थेचा मी सचिव होतो. गाव भूम तालुक्यातलं, ईटपासून दोन कोसांवर. मी मूळचा कळंबचा, नोकरीसाठी तिथं खोली घेऊन राहिलेला.

ऐंशीनंतरचे ते दिवस. दुष्काळाबद्दल लोक फार मोठ्या शब्दांत बोलतात. मला आठवतो तो कंटाळा. टँकरची वाट बघायची, रोजगार हमीच्या खडीवर जायचं, पारावर बसायचं, आभाळाकडं बघून मान खाली घालायची. माणसं भांडायलासुद्धा कंटाळली होती. आमच्या संस्थेकडं द्यायला पाणी नव्हतं, तरी मासिक सभा व्हायची, कोरम भरायचा, ठराव व्हायचे. सहकाराचं एक बरं असतं, काम नसलं तरी कामकाज चालू राहतं.

एकदा मी ओव्हाळांना म्हणालो, “चार दिवस नाही फिरवला शाफ्ट तर काय बिघडतं? पाणीच नाही.”

“पानी न्हाय ही पावसाची गोष्ट हाय सायेब,” ते म्हणाले. “मोटार जाम झाली तर ती माजी गोष्ट व्हईल.”

पन्नाशीला टेकलेला, सडसडीत, हळू बोलणारा माणूस. सातवीपर्यंत शिकलेले. छप्पन साली त्यांच्या वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा ते वीस-बावीस वर्षांचे असतील. घरातले देव बापानं एका फडक्यात बांधून नदीला नेले, त्या वेळी फडकं यांच्या डोक्यावर होतं. त्याविषयी ते कधी भाषण करायचे नाहीत. मात्र एक वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलं होतं : “म्या म्हनतो म्हनून नगा मानू, तपासून बघा.” फ्यूज गेला म्हटलं तरी हेच, टँकर आज यायचा नाही म्हटलं तरी हेच. बायको शेवंताबाई वैतागून म्हणायच्या, “कालवनात मीठ हाय म्हनलं तर ह्ये बोट बुडवून बघत्यात.”

गावात दगडूतात्या म्हणून एक वयस्क शेतकरी होते. तोंडाळ, पण मनानं सरळ. तळं आटायच्या आधी त्यांच्या विहिरीवरची मोटार झटके देऊ लागली. जागा झपाटलीय म्हणून तात्यांनी स्टार्टरला लिंबू-मिरची बांधली. ओव्हाळांना बोलावलं तेव्हा त्यांनी टेस्टर लावून दाखवलं, जमिनीत गाडलेली अर्थिंगची तार तुटली होती. ती त्यांनी नीट जोडली. तात्या म्हणाले, “मग लिंबू काढू का?”

“लिंबू ऱ्हाऊ द्या,” ओव्हाळ म्हणाले, “तार तेवढी काढू नगा.”

झटका गेला. तात्या पुढं कायम सांगत राहिले, की लिंबानं गेला. ओव्हाळ ऐकून नुसते हसायचे. मला तेव्हा ते हसणं मोठेपणाचं वाटायचं. आता वाटतं, त्यात थकवाच जास्त होता.

आणखी एक सांगतो, ते सांगताना मला बरं वाटत नाही. संस्थेच्या ऑफिसात चहा यायचा. ओव्हाळ आले की म्हणायचे, “म्या च्या घेत न्हाय.” मी चार वर्षं ते खरं धरून चाललो. त्यांना मी अहोजाहो करायचो, गावात त्यांच्या वयाला तेवढाही मान कुणी देत नसे, आणि त्याचं माझं मलाच कौतुक वाटायचं. एकदा पगारपत्रकावर सही राहिली म्हणून त्यांच्या घरी गेलो तर ओव्हाळ अंगणात बसून बशीतून चहा फुर्रफुर्र पीत होते. एक बशी संपवून दुसरी भरली. मला पाहून थांबले. मी पगारपत्रक पुढं केलं, त्यांनी सही केली. परत आल्यावर ऑफिसच्या फडताळात पाहिलं. कपांच्या ओळीपासून लांब, कोपऱ्यात, कान तुटलेला एक कप पालथा होता. तो तिथं आहे हे मला चार वर्षं माहीत होतं. कुणासाठी आहे हे विचारायची गरज पडली नव्हती, एवढंच. मी तो कप फेकून दिला, बार्शीहून एकसारखे सहा कप आणले. ओव्हाळ त्यानंतरही म्हणायचे, “म्या च्या घेत न्हाय.” आणि त्या दिवशी अंगणात शेवंताबाईंनी मला चहा विचारला होता, तेव्हा मी काय म्हणालो होतो? “आत्ताच घेऊन आलो.”

टीव्ही गावात पहिल्यांदा आणला तो आमच्या चेअरमननी. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. माडीवर चाळीस फुटी पाइप उभा केला, वर काड्यांचा अँटेना, खाली बूस्टर. पडद्यावर मुंग्या. कधी मुंग्यांच्या आड एखादी बाई हलल्यासारखी वाटायची, तेवढ्यावर लोक तास तास बसायचे. अण्णांनी ओव्हाळांना पाइप फिरवायला बोलावलं. चार रविवार ते माडीवर उन्हात उभे राहून पाइप फिरवत होते आणि आतून आवाज यायचा, “आला आला… गेला.” पाचव्या रविवारी ते खाली उतरले आणि म्हणाले, “अण्णा, टावर सोलापूरला. हितनं कितीबी फिरवा, यायचं न्हाय. आभाळातनं घ्यावं लागंल.”

अण्णांना वाटलं थट्टा करतोय. पण ओव्हाळांनी डोक्यात घेतलं होतं. बिदरच्या पलीकडं आंध्राच्या हद्दीत त्यांची बहीण दिली होती. तिच्या गावी सरकारनं शाळेवर जाळीची मोठी छत्री बसवली होती. उपग्रहावरून येणारं चित्र ती थेट पकडायची, मध्ये टॉवर लागत नसे. बहिणीकडं गेले असताना ओव्हाळांनी मास्तरांची परवानगी घेऊन ती छत्री दोरीनं मोजून आणली होती. मेहुणा हैदराबादेत रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं एका मोडीत निघालेल्या छत्रीचा डबा मिळवून दिला. जाळीनं गोळा केलेलं टीव्हीला समजेल असं करून देणारा तो डबा, छत्रीपुढं मधोमध टांगायचा असतो. टीव्ही बार्शीहून जुना घेतला, काळापांढरा. राहिली जाळी.

जाळी आमच्याच संस्थेकडं पडून होती. पाणी नाही तर जोडधंदा म्हणून संस्थेनं कुक्कुटपालन काढलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात कोंबड्या गेल्या, पिंजरे उरले. गोदामामागं त्या जाळीचा ढीग होता. ओव्हाळांनी रीतसर अर्ज दिला. सभेत हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. अण्णा म्हणाले, “द्या की, तेवढाच ढीग हलंल.” मी ठराव लिहिला : ‘संस्थेकडील निरुपयोगी जाळी श्री. ओव्हाळ यांस वापरास देण्यात यावी.’ वापरास. कायमची द्यावी असं लिहिलं असतं तरी कुणी अडवलं नसतं. पण सचिवाचा हात असा वळलेला असतो, की संस्थेचं काही सोडायचं म्हटलं की तो आपोआप आखडतो.

दोन महिने ते खपत होते. ड्यूटी संपल्यावर पंपघराच्या फरशीवर खडूनं छत्रीची अर्धी वक्र रेघ काढली होती. लोखंडी पट्टी त्या रेघेवर ठेवायची, न जुळेल तिथं ठोकायची, परत ठेवायची. अशा सोळा पट्ट्या. त्या छत्रीच्या काड्यांसारख्या मधोमध एकत्र बांधून बारा फुटी सांगाडा झाला, त्यावर पिंजऱ्यांची जाळी तारेनं शिवली. शेवंताबाईंनीही शिवली. गोधडी शिवायचा हात, त्यांची शिवण ओव्हाळांपेक्षा सरळ होती.

डबा नेमका किती उंचीवर टांगायचा हा प्रश्न आला. मोजमापात कुठं तरी चूक राहिली होती, बहिणीच्या गावचं माप इथं बसेना. ओव्हाळांनी पारावरच्या माणसांकडून सिगारेटच्या पाकिटातली चांदी मागून गोळा केली, तिचे तुकडे जाळीवर ठिकठिकाणी खळीनं चिकटवले आणि छत्री सूर्याकडं केली. मग पुठ्ठा हातात धरून छत्रीपुढं मागं-पुढं सरकत राहिले. चांदीचे कवडसे पुठ्ठ्यावर विखुरलेले होते, ते हळूहळू जवळ यायला लागले आणि एका जागी सगळे एकावर एक पडले. ओव्हाळांनी त्यात बोट घातलं आणि झटकन काढलं. “भाजलं,” ते म्हणाले, आणि इतके खूश झाले, की मी त्यांना तसं पुन्हा कधी पाहिलं नाही.

छत्री बसवली घराच्या अंगणात, दगडी चौथरा बांधून. तोंड दक्षिणेला, पण उभंच म्हणावं इतकं वर. एखादी मोठी परात आभाळाखाली धरावी तशी. कोन मोजायला माझ्याकडून शाळेतला कोनमापक नेला होता, त्याला दोऱ्यानं नट बांधून ओळंबा केला. दक्षिणेकडं तोंड बघून दगडूतात्या म्हणाले, “नामदेवा, यमाची दिशा हाय ही.”

“उपग्रह तिकडंच हाय तात्या. यमाला इचारून टांगलेला न्हाय कुनी.”

होळीनंतरच्या एका रविवारी सकाळी चित्र आलं. मुंग्या नाहीत, लाटा नाहीत. दिल्लीतला कुणीतरी माणूस हिंदीत बोलत होता आणि त्याच्या कोटाची बटणं मोजता येत होती. शेवंताबाईंनी टीव्हीचं तोंड अंगणाकडं करून तो उंबऱ्यात ठेवला, आणि अख्खं अंगण शेणानं सारवून काढलं. दुष्काळात शेणकाल्याला पाणी कुठून आणलं, त्यांनाच माहीत.

पहिल्या रविवारी वस्तीतली माणसं होती. दुसऱ्या रविवारी गावातली पोरं. मग त्या पोरांना बोलवायला म्हणून आलेले बाप्ये, रस्त्यावरच थांबून बघणारे. मग कुणाची तरी बैलगाडी तिथं सुटली आणि लोक जुवावर टेकले. मग एक एक जण अंगणात आला. पण येताना काखेत आपापलं पोतं. ते पोतं अंथरायचं आणि त्यावर बसायचं. ओव्हाळांनी घरातली घोंगडी अंथरून ठेवलेली असायची, तिच्यावर फक्त वस्तीतली माणसं. मीही जायचो. सायकलला टेकून उभा असायचो.

वैशाखात एका रविवारी ऊन मी म्हणत होतं. पडद्यावर क्रिकेटची मॅच चालू होती, गावाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण सगळे दंग. शेवंताबाई वस्तीतल्या माणसांना तांब्यानं पाणी देत होत्या. दगडूतात्यांनी डोळे पडद्यावरच ठेवून हात पुढं केला, तांब्या घेतला, घटाघटा प्यायले, मिशा पुसल्या आणि तांब्या परत दिला. मग त्यांच्या लक्षात आलं. आजूबाजूच्यांच्याही आलं. मॅच चालू राहिली.

दुसऱ्या दिवशी मी पंपघरावर गेलो तेव्हा ओव्हाळ शाफ्ट फिरवत होते. फिरवता फिरवताच म्हणाले, “काल तात्या पानी पेले.”

“पाहिलं मी.”

“सायेब, टीव्हीचं मला काय न्हाय. दिल्लीचा मानूस काय बोलतो, मला निम्मं कळत न्हाय.” त्यांनी हात पुसले. “माज्या बापानं ह्ये अंगन केलं. बाप गेला, पर हितं गावचा मानूस कदी टेकला न्हाय. बलवायला यायचे, तवा रस्त्यावरनं हाका मारायचे. एकदा गाव हितं बसावं, एवढंच मनात व्हतं. आता पोती घिऊन बसत्यात. यकांद्या सालानं पोती इसरतील.”

माणसानं एवढ्यासाठी एवढी खटपट करावी, याचं मला त्या वेळी हसूही आलं नाही आणि रडूही. मी म्हणालो, “विसरतील.” बोलायला काय जातं.

मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरड्या. ढग मात्र यायचे. दुपारनंतर बालाघाटच्या बाजूनं भरून यायचं, वारं सुटायचं, माणसं दारात येऊन उभी राहायची, आणि ढग गावावर येऊन फाटून निघून जायचे. तेरखेड्याहून दारूचे बाण आणून ढगात सोडून झाले. देवाला कोंडून झालं. आणि मग आषाढात कधी तरी, कुणाच्या तोंडून ते ठाऊक नाही, पारावर शब्द निघाला : जाळी ढग पळवते. आभाळाकडं तोंड करून बसवलीय, आभाळातलं ओढून घेते. चित्र ओढती तर ढगाला धक्का दिल्याबिगर सोडंल का?

मी हे किती वेळा मनात उलटंपालटं करून पाहिलं. कुणी मुद्दाम उठवलं असं म्हणणं सोपं आहे. अण्णांच्या माडीवर मुंग्या आणि ओव्हाळांच्या अंगणात गाव, हे अण्णांना गोड लागत नव्हतं हे खरंच. तात्या पाणी प्यायले ते त्यांच्या भावकीत निघालं होतं, हेही खरं. पण तेवढंच असतं तर मी आज कुणाला तरी शिव्या देऊन मोकळा झालो असतो. ज्यांनी ते म्हटलं त्यांना ते खरंच वाटत होतं. तीन वर्षं आभाळाकडं बघून माणूस इतका थकतो, की आभाळ आणि आपण यांच्या मध्ये काहीही दिसलं की त्याला बोट दाखवायला जागा मिळते. वस्तीतल्या दोन बायकाही शेवंताबाईंना येऊन म्हणाल्या, “बाई, काय दिस काढा की ती.”

ओव्हाळांनी काय केलं? त्यांना जे येत होतं तेच केलं. पारावर जाऊन सांगितलं, “म्या म्हनतो म्हनून नगा मानू. आठ दिस जाळी झाकतो, आठ दिस उघडी ठिवतो. पंधरा-सोळा दिसांत कळंल.” एक वही घातली. आठ दिवस छत्रीवर साखरेची पोती शिवून टाकली. रोज ढग किती वाजता आले, कुठून आले, किती वाजता गेले, सगळं लिहिलं. झाकली तेव्हा पाच वेळा ढग आले, पाचही वेळा गेले. उघडी ठेवली तेव्हा सहा वेळा आले, सहाही वेळा गेले. वही घेऊन ते पारावर गेले.

दगडूतात्या म्हणाले, “झाकली तरी हाय तर तितंच ना?”

“पर झाकल्यावर ती काय करनार तात्या?”

“ढगाला काय म्हाईत झाकलीय म्हनून? त्यो लांबनंच बघून वळतो.”

यावर कुणी हसलं नाही. मी पण तिथं होतो. ओव्हाळांनी वही मिटली आणि ते घरी गेले.

श्रावणात संस्थेची खास सभा बोलावली. विषय : संस्थेच्या मालकीची जाळी परत घेणे. जाळी ‘वापरास’ दिली होती, ठरावात तसं होतं, आणि तो शब्द अण्णांनी नेमका काढला. सभेच्या आदल्या दिवशी ओव्हाळ माझ्या खोलीवर आले. वही माझ्या हातात दिली. “सायेब, सभेत तुमी वाचून दावा. माझं ऐकून व्हायचं न्हाय. तुमी वाचलं तर यकांदा इचार करंल.” मी वही घेतली, वाचतो म्हणालो. खरंच वाचणार होतो.

सभेला कधी नव्हे ती माणसं आली. ओव्हाळ दाराशी बाकाच्या टोकाला बसले होते. अण्णा म्हणाले, “माझं काही म्हणणं नाही. पण गावाचं म्हणणं ऐकलं पाहिजे.” अण्णा असं म्हणाले की समजावं, म्हणणं आहे. सूचक कोण, असं विचारल्यावर दगडूतात्या उठले. त्यांनी ओव्हाळांकडं बघितलं नाही. “काडावी,” एवढंच म्हणून बसले. अनुमोदक दहा जण तयार होते. मग अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, “सचिवांना काही सांगायचंय का?”

वही माझ्या पिशवीत होती, पिशवी मांडीवर. मी ती उघडली नाही. समोरची माणसं सुकलेली, तापलेली, आणि त्यांच्यात मला राहायचं होतं, माझी नोकरी तिथं होती. मी म्हणालो, “नाही, काही नाही.” ओव्हाळांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. रागानं नाही. टेस्टर लावून दिवा लागत नाही तेव्हा ते जसं बघायचे, तसं. मग अण्णांनी ओव्हाळांना विचारलं, तुझं काय म्हणणं.

“ठराव ल्हिवा,” ते उभं राहून म्हणाले. “पर जाळी म्याच सोडवून दीन. दुसऱ्याला हात लावू दिऊ नगा, वाकंल.”

मी लिहिलं : सर्वानुमते मंजूर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्यूटीनंतर जाळी उतरवली. शेवंताबाईंनी घातलेली शिवण टाका टाका उसवली. जाळीच्या गुंडाळ्या करून गोदामात आणून टाकल्या आणि माझ्याकडून पोच घेतली. चौथ्या दिवशी पाऊस आला.

तो साधा पाऊस नव्हता. तीन दिवस लागून राहिला. ओढे फुटले, तळ्यात पाणी शिरलं, भूम-ईट रस्ता बंद झाला. माणसं भिजत उभी होती, बायका ओढ्याला हळदीकुंकू वाहत होत्या. आणि पारावर एकच वाक्य : बघा. मला तेव्हा पावसाचा राग आला. दुष्काळातल्या गावात राहून पावसाचा राग येणं ही काय अवस्था असते, हे कुणाला समजावून सांगता येणार नाही.

पोळा झाल्यावर मोटार चालू केली. ओव्हाळांनी बटण दाबलं आणि तीन वर्षं बंद असलेली ती मोटार पहिल्या झटक्यात उठली. पहिली पाळी दगडूतात्यांच्या शेताला होती. तात्या पाटावर उभे होते. पाणी आलेलं बघून त्यांनी फेटा काढून हातात घेतला, ओव्हाळांकडं बघून काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि परत फेटा बांधायला लागले. त्यानंतर रविवारी अंगणात कुणी गेलं नाही. जायला कारणच उरलं नव्हतं.

दिवाळीनंतर माझी बदली झाली. निघायच्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेलो, ती वही परत करायची होती म्हणून. तीन महिने ती माझ्या ट्रंकेत होती. ओव्हाळांनी ती घेतली, न उघडता कोनाड्यात ठेवली. मी म्हणालो, “आता पाऊस झालाय. जाळी पुन्हा मागा. जायच्या आधी मी अण्णांशी बोलतो.”

“नगं सायेब.” ते चौथऱ्याच्या दगडांकडं बघत होते. “फुडल्या साली पाऊस न्हाय आला तर त्यो माज्या नावावर यील. दुष्काळ कुनाच्या नावावर नसतो, तवर बरा असतो.” मग आवाज खाली करून म्हणाले, “एक सांगतो, कुनाला बोलू नगा. पाऊस पडाय लागला ना, तवा म्याबी आदी गोदामाकडं बघितलं.”

मी ‘त्या दिवशी मी वही वाचायला हवी होती’ असं म्हणणार होतो. ते ओठावर होतं. तेवढ्यात शेवंताबाई आतून सतरंजी घेऊन आल्या. नवी कोरी, घड्या न मोडलेली, लाल-निळ्या पट्ट्यांची. अंगणात मधोमध अंथरली, कोपरे ओढून सरळ केले. ओव्हाळ म्हणाले, “बसा की घटकाभर.”

“बस गाठायचीय,” मी म्हणालो.

कळंबची बस साडेचारला होती. तेव्हा तीनही वाजले नव्हते, आणि स्टँड तिथून दहा मिनिटांवर. ओव्हाळांना बसची वेळ माझ्याइतकीच पाठ होती. “व्हय, बस जाईल,” ते म्हणाले. मी हात जोडले, त्यांनी जोडले.

वस्तीच्या वळणावर मी मागं पाहिलं. ओव्हाळ सतरंजीवर बसले होते, एकटेच, अगदी एका कडेला. मी बसलो असतो तर जेवढी जागा लागली असती, तेवढी मोकळी सोडून.